घोड्याची दुनळी : आधी शिक्के वाचा, मग हात लावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील असे ठरले. ज्या घरात तीन होत्या तिथे जमा करायची तिसरी म्हणून बहुधा आजोबा-पणजोबांच्या काळातली, बाहेर दोन घोडे (पिनवर आपटणारे हातोडे) असलेली दुनळी पुढे केली गेली. परवान्यावर तिची नोंद ‘१२ बोअर डीबीबीएल’ (मागून भरायची दुनळी) एवढीच असते. ती कुठली, कधीची, नळ्या कसल्या, हे त्या नोंदीवरून काहीच कळत नाही. मग कोणी तिला भंगार समजतो, कोणी लाखमोलाची विलायती समजतो, आणि तिसरा सर्वांत घातक माणूस तिला बफ मारून ‘नवीकोरी’ करून आणतो. या पत्रात मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहायचे आहे. गंज शंभर वर्षांत जेवढे नुकसान करत नाही तेवढे बफचे चाक दहा मिनिटांत करते.

कायद्यातली एक गैरसमजूत आधी दूर करू. ‘शंभर वर्षांपूर्वीची आहे, परवाना लागत नाही’ असे सर्रास बोलले जाते. ते चूक आहे. कलम ४५ मधली सूट जुन्या धाटणीच्या किंवा मोडक्या शस्त्राला मिळते, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. काडतुसाची दुनळी कितीही गंजली तरी बहुधा दुरुस्त होऊ शकते, म्हणून तिला परवाना हवाच. दुरुस्ती करणाऱ्यालाही त्या कामाचा परवाना लागतो. शेजारच्या लेथवाल्याकडून पिना पाडून घेणे हा गुन्हा आहे. नळी आखूड करणे कलम ६ खाली येते आणि नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणे कलम ८ खाली. या दुसऱ्या कलमाचा डागडुजीशी थेट संबंध आहे, कारण पॉलिश पेपरखाली पहिल्यांदा नाहीसे होतात ते शिक्केच. मालकाने स्वतः पुसावे, तेल लावावे, मोजावे, फोटो काढावेत. खोलकाम परवानाधारक कारागिराचे.

ओळख पटवायची ती नळ्यांच्या पोटावरून. बंदूक उघडून काडतुसाची दोन्ही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहावे. मग पुढचा लाकडी तुकडा, म्हणजे फोर-एंड, काढावा आणि नळ्या उचलून उलट्या कराव्यात. काडतुसाच्या घराखाली दोन सपाट पट्ट्या असतात. गंज आणि वाळलेले तेल यांनी त्या भरलेल्या असतील तर रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवून मऊ कापडाने पुसाव्यात. तारेचा ब्रश लावू नये. शिक्के बारीक असतात, म्हणून भिंगातून पाहताना उजेड तिरका पाडावा.

फुलीसारखे दोन राजदंड, वर मुकुट, आणि बाजूंना व खाली बी, सी, पी ही अक्षरे, किंवा तसेच दंड आणि खाली नुसता व्ही, असे दिसले तर नळ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये (नळ्यांची दाब-चाचणी घेऊन शिक्का मारणारी संस्था) तपासलेल्या आहेत आणि त्या १८१३ ते १९०४ या काळातल्या आहेत. मुकुटाखाली गुंफलेले जी-पी लंडनचे. लांबट वर्तुळात ई, एल, जी आणि तारा असेल तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची. त्या वर्तुळावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची, नसेल तर आधीची. आपल्याकडच्या घोड्याच्या दुनळ्यांत बेल्जियमच्या बऱ्याच निघतात. दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवर मात्र इंग्रजी नाव कोरलेले असते.

त्या नावावर फार भिस्त ठेवू नये. कलकत्त्याच्या मॅन्टन, रॉडा आणि लायन या पेढ्यांची किंवा मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची नावे असलेल्या पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅममध्ये तयार होऊन इथे विकल्या गेल्या. नाव विकणाऱ्याचे, हात दुसऱ्याचा. (२६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी ज्या पेढीची माउझर पिस्तुले पळवली तीच ही रॉडा.) ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव वाचून नामांकित ‘वेस्टली रिचर्ड्स’ मिळाल्याचा आनंद मानणारेही भेटतात. त्या दोन नावांत किमतीचे अंतर फार मोठे आहे, आणि पहिले नाव बेल्जियन मालावर भरपूर सापडते. तेव्हा पट्टीवरचे नाव आणि पोटावरचा शिक्का यांचा मेळ बसतो का, हे आधी पाहावे. नळ्या, फोर-एंडचे लोखंड आणि चापाच्या कमानीची शेपटी यांवर एकच क्रमांक हवा. तो जुळत नसेल तर दोन बंदुकांची एक झालेली आहे.

आता आकडे. पोटावर १२ किंवा १३ असा सुटा अंक असतो आणि ‘ही तेरा बोअरची आहे’ असे समजून लोक गोंधळतात. हा अंक नळीच्या आतल्या व्यासाचा असतो. एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या केल्या की एकेक गोळी नळीत नेमकी बसते, तितका तो बोअर. १२ म्हणजे १८.५ मिमी, १३ म्हणजे १८ मिमी, आणि १३ वर १ असे अपूर्णांकासारखे लिहिलेले असेल तर त्यामधला, सुमारे १८.२५ मिमी. घर १२ बोअरचे आणि नळी १३ ची, ही जोडी नेहमीची आहे. घराचा बोअर समभुज चौकोनात उभा लिहिलेला असतो, १२ आणि त्याखाली सी. बर्मिंगहॅमला हा चौकोन १८८७ पासून येतो. ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरे १८७५ ते १८८७ या काळाची. नळीचे तोंड आवळलेले आहे, अखंड गोळी मारू नका, असा त्यांचा अर्थ. त्यांच्या जागी पुढे ‘चोक’ हा शब्द आला. बेल्जियन नळीवर व्यास सरळ मिलिमीटरमध्ये असतो, १८.४ वगैरे.

सर्वांत महत्त्वाची खूण ‘नायट्रो’ या शब्दाची. ही तपासणी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस सुरू झाली. हा शब्द किंवा त्याची खूण पोटावर नसेल तर नळ्या फक्त काळ्या दारूच्या दाबाला तपासलेल्या आहेत. आज बाजारात मिळणारे, खडकीच्या कारखान्याचे असो वा बाहेरचे, प्रत्येक काडतूस धूरविरहित दारूचे असते. ते अशा नळीत घालू नये. ‘वडील घालत होते, काही झाले नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. नळी फुटायच्या आधी सूचना देत नाही.

यंत्रणेवरूनही वयाचा अंदाज लागतो. चापाच्या कमानीखाली फिरणारी कळ हेन्री जोन्सच्या १८५९ च्या पेटंटवरची. नळ्यांच्या ढेकळात, म्हणजे त्यांच्या पोटाखालच्या आकडेदार लोखंडी ठोकळ्यात, दोन ठिकाणी घुसणारा सरकता बोल्ट पर्डीचा, १८६३ चा. घोड्यांच्या मध्ये वर असलेली, अंगठ्याने ढकलायची कळ स्कॉटच्या १८६५ च्या पेटंटपासून रूढ झाली. पण पेटंटचे साल हे ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. १८७५ मध्ये ॲन्सन आणि डीली यांची बिनघोड्याची बंदूक आली तरी स्वस्त माल म्हणून घोड्याच्या दुनळ्या विसाव्या शतकातही निघत राहिल्या. १८६० च्या दशकातली कळ असलेली बंदूक १९१० ची असणे मुळीच अशक्य नाही.

घोडा दाबल्यावर काय करतो तेही पाहावे. घरे रिकामी, घोडा अंगठ्याने धरलेला, चाप ओढून तो हळू खाली न्यावा आणि मग चाप सोडावा. घोडा पिनवर टेकून किंचित मागे, दोनतीन मिलिमीटरवर थांबत असेल तर ते स्टॅन्टनच्या १८६७ च्या पेटंटनंतरचे, परत उसळणारे लॉक (घोडा चालवणारी यंत्रणा). तो पिनवरच टेकून राहत असेल तर लॉक जुन्या पद्धतीचे. त्यात फायर झाल्यावर पिन काडतुसाच्या टोपीत रुतून बसते आणि बंदूक उघडत नाही. उघडण्याआधी घोडे अर्ध्या चढावावर, म्हणजे अर्धवट मागे ओढून, आणावे लागतात. तशाच टेकलेल्या घोड्यांनी भरलेली बंदूक झटक्याने बंद केली तर काय होईल, हे सांगायला नकोच.

नळ्यांवर लाकडातल्या रेषांसारखी किंवा बारीक फुलांसारखी नक्षी असेल तर त्या डमास्कस. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळायच्या, असे पीळ शेजारी ठेवून दांड्याभोवती गुंडाळायचे आणि ठोकून जोडायचे, अशी ही घडण. लिएजजवळच्या वेस्द्र खोऱ्यात घराघरांत हे काम चाले. नक्षी खोटीही असते. साध्या पोलादी नळीवर तेजाबाने छापलेली. ओळखायची खूण सोपी आहे : फोर-एंडखाली झाकलेल्या भागात आणि पोटाच्या सपाटीवर खरी नक्षी चालू राहते, छापलेली तिथे थांबते. खऱ्या डमास्कसमध्ये हजारो जोड असतात आणि एखाद्या जोडात राख अडकलेली असू शकते. आतून गंज तिथेच शिरतो, वरून काही दिसत नाही. म्हणून डमास्कसची दुनळी भिंतीवर शोभते, आणि माझ्या मते तिने तिथेच राहावे.

पोलादी नळी असेल तर मोजमाप. घराची लांबी आधी. जुने घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीचे असते. आजचे पुष्कळ काडतूस ७० मिमीचे. गोम अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी फुटल्यानंतरची, उलगडलेली असते. न फुटलेले ७० चे काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट बसते, फुटताना त्याचे तोंड उलगडून नळीच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब एकदम चढतो. ‘बसलं म्हणजे चालतंय’ हा ठोकताळा म्हणूनच जीवघेणा. २०.३ मिमी व्यासाची गोल चकती दांड्याला लावून आत सोडली की ती घराच्या टोकाशी अडते, तिथली खोली मोजावी. याच प्रकारचा दुसरा धोका २० बोअरचा. ते काडतूस १२ च्या घरातून पुढे सरकून नळीत अडकते. दिसत नाही म्हणून मागून १२ चे घातले की नळी फुटते.

आतला व्यास घराच्या बाजूने नऊ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंमीवर मोजतात. शिक्क्यावरच्या आकड्यापेक्षा तो ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर वाढलेला असेल तर ती नळी पूर्वी कोणीतरी खड्डे घालवण्यासाठी आतून घासलेली आहे आणि जुना शिक्का आता काहीच हमी देत नाही. आरशासारखी चकचकीत जुनी नळी पाहून हुरळू नये. आधी संशय घ्यावा. त्यानंतर भिंतीची जाडी. ती लांब दांड्याच्या खास मापकानेच कळते आणि पुढच्या अर्ध्या भागात सर्वांत कमी असते. अर्धा मिलिमीटर ही शेवटची मर्यादा धरतात. कारागीर ०.६ च्या खाली गेलेली नळी घ्यायला कचरतो, आणि बरोबरच करतो.

डोळ्याने पाहायचे असेल तर नळी खिडकीच्या चौकटीकडे धरून आत चौकटीच्या रेषेची सावली पाहावी. रेषा जिथे तुटते तिथे पोचा, जिथे काळे कडे दिसते तिथे फुगवटा. पोचा आतून ठोकळा घालून उठवता येतो. फुगवटा धातू ताणल्याचा पुरावा असतो, तो ‘काढला’ तरी धातू परत येत नाही. चिखल, विसरलेली चिंधी, गांधीलमाशीचे मातीचे घर, एवढ्यानेही फुगवटा येतो.

दोन नळ्यांमधल्या पट्ट्या कथलाच्या डाखाने बसवलेल्या असतात. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागे ढकलणारा तुकडा) काढून नळ्या ढेकळाच्या आकड्याने दोरीवर टांगाव्यात आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा लांब नाद आला तर डाख शाबूत. थपकन आवाज आला तर कुठेतरी सुटला आहे. यावरूनच पुढची गोष्ट : अशा नळ्या कधीही गरम ब्ल्यूइंगच्या टाकीत देऊ नयेत. त्या टाकीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे उकळते द्रावण, सुमारे १४० अंशांचे, असते. ते कथिल-शिशाचा डाख खाते, पट्टीखाली शिरते आणि धुऊन निघत नाही. नळ्या दोन महिने सुंदर काळ्या दिसतात, मग पट्टीच्या कडेने पांढरे क्षार फुटू लागतात, आणि एक दिवस पट्टी हातात येते. एकनळीला आणि रायफलला चालणारी पद्धत दुनळीला चालत नाही, हे रंगकाम करणाऱ्याला ठाऊक नसेल तर बंदूक घेऊन परत फिरावे.

दुनळीला योग्य तो संथ गंजरंग. नळ्यांची तोंडे लाकडी बुचांनी बंद करतात, खडूच्या लुकणाने तेलाचा अंश काढतात, आणि त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श करत नाहीत, कारण बोटाचा ठसा तसाच उमटतो. गंज आणणारे द्रावण स्पंजने अगदी पातळ, एकाच दिशेने. ओघळ आला तर तिथे तांबडा डाग कायमचा. मग दमट पेटीत बारा ते चोवीस तास. मखमलीसारखी बारीक लव आली की शुद्ध पाण्यात पाचदहा मिनिटे उकळी. तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो. केसाइतक्या बारीक तारेच्या ब्रशने सुटा थर झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा ते दहा फेऱ्या लागतात. उकळी न देता फक्त झाडत गेले तर तपकिरी रंग येतो. डमास्कसला मधल्या फेऱ्यांत फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणाचा हात देतात, त्याने पोलाद आणि लोखंड वेगवेगळे उठते. शेवटी सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून तेल. यात हवामानाचा हिशेब हवा. पुस्तकातला चोवीस तासांचा आकडा कोकणात जुलैमध्ये पाळला तर लव न येता खड्डे पडतील. तिथे चार-पाच तासांनीच पाहावे. उलट नगर-सोलापूरकडे उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाची पेटी केल्याशिवाय काही उमटत नाही.

बंदूक ढिली झाली आहे का, ते फोर-एंड काढून पाहावे. नळ्या बसवून, दस्ता काखेत धरून हलवाव्यात. खडखड आली किंवा नळी आणि मागची भिंत यांत उजेड दिसला तर बिजागरीची खीळ झिजली आहे. खरी दुरुस्ती म्हणजे जाड खीळ घालणे किंवा ढेकळाच्या आकड्यावर धातू चढवून काजळी लावत लावत बसवणे. छिन्नीने आकडा ठोकून फुगवला की बंदूक विकेपर्यंत घट्ट राहते. कथलाची चकती लावणे हा त्याचाच भाऊ.

लॉक खोलताना घोडे अर्ध्या चढावावर ठेवतात. आडवा पेच थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी मुठीने टिचकी मारली की पलीकडची लॉकची पाटी आपणच सुटते. पाटीखाली पेचकस घालून उचकटली तर लाकडाची कड तुटते, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या दुनळीला ही जखम असते. इंग्रजी पेचांच्या खाचा पोस्टकार्डाइतक्या अरुंद. बाजारातला निमुळता पेचकस त्यांत वरवर बसतो आणि घसरतो. प्रत्येक खाचेपुरते पाते समांतर घासून घ्यावे, मग जोर लावावा. इंग्रजी ‘व्ही’ आकाराची मुख्य स्प्रिंग तिच्या खास चिमट्याशिवाय दाबू नये. पक्कडीने दाबली की ती तुटते, आणि नवी घडवणारे हात आता फार कमी उरले आहेत. चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे ढकलून पाहावा. निसटला तर खाच झिजली आहे. चाप ओढायला पुढचा सुमारे पावणेदोन किलो आणि मागचा दोन किलो लागावा. त्याहून ‘मऊ’ करून देतो म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नये. फायरिंग पिनचे टोक अर्धगोल हवे. टोकदार पिन टोपी फोडते आणि वायू डोळ्यांकडे येतो.

लाकूड अक्रोडाचे. मागच्या पिढ्यांनी लॉकमध्ये ओतलेले तेल मुरून दस्त्याचे डोके काळे आणि पावासारखे भुसभुशीत झालेले असते. तिथे कुठलाही गोंद धरत नाही. ॲसिटोन आणि खडूची पूड यांचे लुकण लावायचे, वाळले की तेल ओढून पिवळे पडलेले झाडायचे, आणि पूड पांढरी राहीपर्यंत पुन्हा लावायचे. कधी आठ वेळा. पोचे ओल्या कापडावरून इस्त्री फिरवून उठतात, म्हणून पॉलिश पेपर आधी उचलू नये. लाकूड घासले की लोखंड वर राहते आणि बंदुकीची रेषा बिघडते. रंगासाठी उकळलेल्या जवसाच्या तेलात स्वयंपाकातले रतनजोत भिजत घालावे. इंग्रज कारागिरांचे प्रसिद्ध लालसर तेल म्हणजे त्याच्याच जातीच्या मुळीची करामत. दोन थेंब, तळहाताची ऊब, दिवसाला एक हात, असे तीनचार आठवडे. कच्चे तेल वापरले तर चिकटच राहते. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेटते. उन्हात पसरून वाळवावी. व्हार्निश नको.

ॲक्शनवर (नळ्यांमागचा लोखंडी सांगाडा) आणि लॉकच्या पाट्यांवर निळसर-तपकिरी ढगांसारखे रंग उरले असतील तर त्यांना फक्त तेलाचे बोट. ते हाडांच्या कोळशात तापवून आलेले कडक कवच आहे. बफने ते जाते, कोरीवकाम बोथटते, पेचांच्या भोकांभोवती खळगे पडतात. पुन्हा तापवून रंग आणायचा प्रयत्न केला तर ॲक्शन वाकते आणि मग नळ्या बसतच नाहीत.

एक शेवटची गोष्ट जमा करण्याबद्दल. निवडणुकीत किंवा वारसाहक्काचा निकाल लागेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे महिनोन्‌महिने राहते, त्यात पावसाळाही येतो. देताना नळ्यांना आतबाहेर घट्ट ग्रीस लावावे, घोडे खाली सोडावेत, आणि चामड्याच्या म्यानात मुळीच देऊ नये. चामडे ओल धरते आणि त्यातले आम्ल नळीवर म्यानाच्या शिवणीचाच ठसा उठवते. सुती कापडात गुंडाळावी. पावतीवर फक्त ‘१२ बोअर’ न लिहिता क्रमांक, पट्टीवरचे नाव आणि पोटावरचे शिक्के लिहून घ्यावेत, आणि त्याच दिवशीचे फोटो घरी ठेवावेत. परत घेताना क्रमांक आधी ताडावा, ग्रीस पुसून नळ्यांतून आरपार पाहावे, आणि मगच सही करावी.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर